टोपी-चष्म्याची खिडकी

४ जून, बुधवार. मोरबी

नववीनंतर सही सोडून मी काही लिहिलेलं नाही. ही डायरी टाइल्सच्या एका व्यापाऱ्याने कारखान्यात सगळ्यांना वाटली होती, माझी कोरीच पडली होती. आज हसनैन म्हणाला, "अमृत, काय दाबलं, किती वाजता दाबलं, समोर काय आलं, ते रोज लिहून ठेव. बिघाड असाच सापडतो. डोक्यात ठेवशील तर दोन दिवसांनी तूच मला खोटं सांगशील." हसनैन जळगावचा. तिथे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. आता माझ्यासोबत पॉलिशच्या मशीनवर आहे, खोलीही एकच. त्याला यातलं कळतं.

बिघाड असा. माझी बहीण जागृती बारावी झाली. आमच्याकडे एक प्रशिक्षण संस्था आहे, तिचं एक केंद्र जळगावला आणि एक धुळ्याला. जळगावला संगणकाचा कोर्स आहे, मुलींना राहायची सोय आहे. मला तिला तिथेच घालायचं आहे. गावाजवळ नरडाण्याला लोटनचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जागृतीने तिथे जाऊन अर्ज भरला आणि पावतीचा फोटो पाठवला. बघतो तर काय, केंद्र धुळे, अभ्यासक्रम वायरमन. मुलीच्या अर्जात वायरमन! यादीत शेवटचं नाव तेच आहे, लोटनचं बोट घसरलं असणार. वीस जूनला संध्याकाळी पाचपर्यंत बदल करता येतो. मग कायमचं बंद.

फोन आम्हाला आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या कपाटात ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत एक वाजून दहा मिनिटांनी बदल करायला घेतला. बदलाला ओटीपी लागतो, तो जागृतीच्या फोनवर जातो. तिला लावला. मागे ठकठक चालली होती.

"कोठे शेस तू?"

"झुलालनानाना घर. स्टुलवर उभी शे, थांब."

मागून शेजारचे झुलालनाना ओरडले, "अमृत, तुनी बहीणनी मना पंखा चालू करी दिना रे! आते झोप लागी माले!"

मी म्हटलं, नाना, तिला अभ्यास करू द्या. ओटीपी घेतला, दाबला. "बदल जतन झाला" असं आलं. पुन्हा पान उघडलं तर परत धुळे, वायरमन. तीन वेळा बघितलं. धुळेच. तेवढ्यात भोंगा झाला.

५ जून, गुरुवार

हसनैनने एका मिनिटात काढलं. म्हणाला, "फोनने कालचं पान जपून ठेवलंय. तुला शिळी भाकर वाढतोय." वरच्या तीन ठिपक्यांवर दाबून त्याने एक काळी खिडकी उघडली. तिच्यावर टोपी आणि चष्म्याचं चित्र होतं. मी म्हटलं, ही चोरांची दिसते. तो हसला. "चोरांचीच समज. ही तुला ओळखत नाही. तू कोण, काल काय बघितलं, हिला काही ठाऊक नाही. म्हणून हिच्यात जे दिसेल ते खरं."

तिच्यातून लॉगिन केलं. केंद्र जळगाव, अभ्यासक्रम संगणक. मी हसनैनच्या पाठीत एक ठेवून दिली.

साइट चांगली होती, माझ्या फोनची आठवण खराब होती. मला हे फार आवडलं. माणसालाही अशी खिडकी हवी. सुरतला लूमवर होतो, तिथून पळालो. वापीला तीन महिने, तिथून पळालो. मध्ये जळगावला पाइपच्या कंपनीत. आता मोरबी. इथूनही पाय उठलेच आहेत, पण जागृतीचं मार्गी लागेपर्यंत थांबायचं ठरवलंय.

८ जून, रविवार

काल बकरी ईद होती. हसनैन नमाजला गेला, येताना ओळखीच्या घरून डबा घेऊन आला. त्याच्या अम्मीचा फोन आला तेव्हा तो बाहेर जाऊन बोलला, आत आला तर डोळे लाल.

आज सुट्टी. सहज साइट बघितली. धुळे, वायरमन. घाबरलो नाही, म्हटलं शिळं पान असेल. टोपी-चष्मा उघडला. तिथेही धुळे. वायरमन.

हसनैनला उठवलं. त्याने नियम सांगितला, तो जसाच्या तसा लिहितो. नेहमीच्या खिडकीत चुकीचं आणि कोऱ्या खिडकीत बरोबर, तर बिघाड तुझ्या फोनात. दोन्हीकडे चुकीचं, तर तुझा फोन साफ. बदल तिकडून झालाय.

"तिकडून म्हणजे?"

"ते मला काय माहीत? तिकडून."

म्हणजे साइटच. पुन्हा बदल केला, अकरा वाजून वीस मिनिटं. जागृतीने ओटीपी लगेच दिला. ती या बाबतीत गुणाची आहे, कधी उशीर करत नाही. मग म्हणाली, "दादा, तुमनी भट्टीले किती मोटरी शेतीस?" मला काय माहीत किती मोटरी. म्हणे, सगळ्या एकदम चालू करतात की एकेक? मी म्हटलं, तुला काय करायचंय. तर म्हणाली, "धुळं जवळ पडस ना पन, दादा. रोज घर येता येई."

तिला सगळं नीट सांगितलं. पाइपच्या कंपनीत मी ट्रकमध्ये पाइप भरायचो. ऑफिसला काचेचं दार होतं. आत मुली संगणकावर बसायच्या, गळ्यात ओळखपत्र, अंगाला घाम नाही. एकीला माझ्याकडून चलनावर सही घ्यायची होती, तर तिने दार उघडलं आणि गार हवा माझ्या तोंडावर आली. त्या दिवशी ठरवलं की आमच्या घरातलं कुणीतरी त्या काचेच्या आत बसेल. मला तर बसताच येत नाही कुठे. जागृती बसेल.

ती म्हणाली, "बरं."

११ जून, बुधवार

परत धुळे. दोन्ही खिडक्यांत.

पावतीवर संस्थेचा नंबर होता, सुट्टीत लावला. धुळ्याच्या मंदाबाईंनी उचलला. आवाजावरून चांगल्या वाटल्या, पण फार शांत. मी म्हटलं, मॅडम, तुमची साइट आमचा अर्ज सारखा धुळ्याला फेकते. त्यांनी नंबर घालून बघितलं.

"भाऊ, साइट काही फेकत नाही. तुमच्याच लॉगिनमधून बदल झालाय. काल दुपारी पावणेतीन वाजता."

"पावणेतीनला माझा फोन गेटवरच्या कपाटात होता."

"मग घरातून कुणी केला असेल. प्रत्येक बदलाला ओटीपी लागतो, तो तुमच्या दिलेल्या नंबरवरच जातो."

"घरात कोण करणार? माय-आबांना वाचता येत नाही."

त्या म्हणाल्या, "अर्जदाराशी बोलून घ्या एकदा."

मी म्हटलं, अर्जदाराशी रोज बोलतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. लोटन! अर्ज त्याच्या दुकानातून भरलाय, पासवर्ड त्याच्याकडे असणारच. धुळ्याच्या केंद्राकडून त्याला पोरांमागे काहीतरी मिळत असेल. ओटीपी कसा काढतो ते कळलं नाही. पण फॉर्मवाल्यांना सगळं येतं.

१३ जून, शुक्रवार

लोटनशी भांडण झालं. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही.

तो आधी हसला. मग म्हणाला, "अमृत, मन्ह्यावर कसाले वरडस? जे सांगं ते मी भरं. ती माले दोनदा बोलनी, वायरमनच टाक. मी इचारं बी, नक्की का? जागृतीले इचार ना!"

स्वतःची चोरी माझ्या बहिणीवर ढकलतो. मी म्हटलं, गावात आलो की दुकानाला कुलूप लावीन. तो म्हणाला, "ये. चावी बी देस तुले." आणि फोन कापला. मग आबांचा फोन आला, लोटनचा बाप त्यांना ते कामाला जातात त्या कंपनीच्या गेटवर भेटला होता. आबा एवढंच म्हणाले, "परगावी बसून गावात आग लावू नको रे." आबा मला रागावले तरी मोठ्याने बोलत नाहीत, त्याचाच त्रास होतो.

पासवर्ड बदलला. हसनैनने शिकवलं तसा लांबलचक ठेवला, टोपी-चष्म्यातूनच केला, म्हणजे कुठे काही उरायला नको. अर्ज परत जळगावला केला. नवा पासवर्ड फक्त जागृतीला सांगितला. तिला बजावलं, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही.

ती म्हणाली, "नही सांगाव, दादा."

१६ जून, सोमवार

धुळे. वायरमन.

परत परत उघडून बघितलं. नवा पासवर्ड, कोरी खिडकी, तरीही. वाटलं माझा फोनच नासलाय, टोपी-चष्म्यालाही त्याने फितवलंय. हसनैनचा फोन घेतला, त्यातून बघितलं. धुळे. कँटीनवाल्या काकांचा घेतला, त्यांना वाटलं मी पोरगी बघतोय. त्यातही धुळे.

हसनैन माझ्यासमोर येऊन बसला.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आणि जागृतीला."

"ओटीपी कुणाकडे येतो?"

"जागृतीकडे."

त्याने चहा सांगितला. मग म्हणाला, "माझी यास्मिन आहे ना, लहान बहीण. तिला अम्मीने हिरवा दुपट्टा आणला की ती शुक्रिया म्हणते आणि पेटीत ठेवते. तीन पडलेत पेटीत. हिरवा तिला आवडत नाही."

मी म्हटलं, इथे माझं काय चाललंय आणि तू दुपट्ट्याचं काय लावलंय.

"काही नाही. चहा घे. आणि तिला एकदा विचार, भाई."

"काय विचारू? तीच तर बिचारी प्रत्येक वेळी ओटीपी देते."

तो म्हणाला, "हो. देते."

परत बदल केला. सात मिनिटं लागली, साइट हळू चालत होती. शिफ्टवर उशीर झाला म्हणून सुपरवायझरने सगळ्यांसमोर ऐकवलं. तोडून टाकावं सगळं आणि आजच रेल्वेत बसावं, असं दिवसभर वाटत होतं. पण गावी जाऊन तरी काय करणार? साइट काय गावात आहे?

१८ जून, बुधवार

मायचा फोन. ताईबाईची गिरणी दोन दिवस बंद होती, गावाचं पीठ अडलं होतं. "जागृतीनी स्टार्टर खोला, काय करं देव जाने, चालू व्हयनी. ताईबाईनी तिले लुगडं नेसाडं रे, भर गिरणीमा!" माय हसत होती. मला राग आला. मी म्हटलं, माय, ती त्या डब्यांत हात घालते तेव्हा तू काय करतेस? एखाद्या दिवशी चिकटली म्हणजे?

माय म्हणाली, "ती मेन खाली करस आधी. माले बी सांगस, हात कोरडा ठेव."

हीच कामं करत बसते म्हणून टायपिंग शिकत नाही. वसतिगृहात गेली की सुटेल सगळं.

अर्ज बघितला. धुळे. आज बदलला नाही. आता शेवटच्या दिवशीच बदलायचा, अगदी टोकाला, म्हणजे परत फिरवायला लोटनला वेळच उरणार नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं.

२० जून, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. खोलीवर बसलो, हसनैनचा फोनही मागून घेतला. एका फोनवर बदलायचं, दुसऱ्यावर टोपी-चष्मा उघडून पहारा द्यायचा.

चार चाळीसला बदल केला. जागृतीने ओटीपी दिला. जळगाव, संगणक. दुसऱ्या फोनवर पान ताजं करत राहिलो. जळगाव. जळगाव. जळगाव. चार एकावन्नला धुळे.

माझ्या डोळ्यांदेखत. कुणीतरी आत बसून माझा हात धरतंय असं वाटलं. फोन लावला, व्यस्त. परत लावला, उचलला.

"जागू, परत केलं बघ त्याने! ओटीपी पाठवतोय, सांग लवकर."

ती म्हणाली, "दादा, आते ऱ्हाऊ दे ना."

"राहू कसं देऊ? सहा मिनिटं आहेत! मी काय एवढे दिवस खेळलो का? तुझ्यासाठी इथे भट्टीजवळ उभा राहतो मी, जागू. तुझ्यासाठी नोकरी धरून बसलोय. सांग."

आकडे येईनात. मला वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं. मग तिने आकडे सांगितले. एकेक करून, सावकाश, सहाही. मधल्या एका आकड्याला आवाज बसला होता, मी परत विचारला, तिने परत सांगितला.

चार सत्तावन्न. जतन झाला. पाच वाजेपर्यंत पान ताजं करत राहिलो. पाचला पानावर आलं, अर्ज बंद. केंद्र जळगाव. अभ्यासक्रम संगणक.

झालं एकदाचं! गल्लीत जाऊन जिलेबी आणली. तिला सांगायला फोन केला तर मायने उचलला, म्हणाली, ती छतावर गेलीय.

२१ जून, शनिवार

सकाळी संस्थेकडून पूर्ण अर्जाची प्रत आली. एवढे दिवस मी पहिलंच पान बघत होतो, केंद्र आणि अभ्यासक्रम. प्रतीला दुसरं पानही आहे. त्यावर एक चौकट, "हा अभ्यासक्रम का निवडला?" ती जागृतीने पहिल्या दिवशीच भरलेली होती. वर केंद्र बदललं तरी खाली ती तशीच राहिली. उतरवून घेतो.

"आमच्या गावात लाइट बिघडली तर नरडाण्याहून वायरमन यायला दोन-तीन दिवस लागतात. दिवसा बाया घरी एकट्या असतात. परक्या माणसाला आत घ्यायला संकोचतात आणि उघड्या तारांमध्येच स्वयंपाक करतात. मी गेले तर दार उघडतात. मला पंखा, बोर्ड आणि स्टार्टर दुरुस्त करता येतो. पण तो का चालतो ते मला माहीत नाही. ते शिकायचं आहे."

जेवायच्या सुट्टीत तीन वेळा वाचलं. तिचंच अक्षर असल्यासारखं वाटलं, छापील असून.

मग धुळ्याला फोन लावला. मंदाबाई म्हणाल्या, "बंद झाल्यावर आम्हालाही उघडत नाही, भाऊ. पुढच्या वर्षी बघा." मी म्हटलं, मॅडम, चूक माझी आहे, तिची नाही. त्या म्हणाल्या, "वायरमनला या वर्षी मुलीचा एकच अर्ज आला होता. यादीत सारखा यायचा, जायचा. आम्ही ऑफिसात पैज लावली होती, शेवटी राहतो की नाही." मग त्यांनाच बरं वाटलं नाही. "जळगावचा कोर्सही चांगला आहे," म्हणाल्या.

तरी संध्याकाळी टोपी-चष्मा उघडला. जळगाव. बंद केला, नवा उघडला. जळगाव. हसनैनच्या फोनवर, कँटीनच्या काकांच्या, खालच्या खोलीतल्या ओडिशाच्या पोरांच्या. एकाही फोनला मी कोण ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांत जळगाव. हसनैनने शेवटी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "साइट ठीक आहे, अमृत," म्हणाला.

२२ जून, रविवार

लोटनला फोन केला. त्याने उचलला नाही.

जागृतीला केला. काय बोलायचं ते आधी मनात दोनदा म्हणून बघितलं, बहिणीला फोन करताना असं कधी केलं नव्हतं. ती म्हणाली, "जेवना का, दादा?" मी म्हटलं, जेवलो. मग विचारलं, "जागू, तो अर्ज तूच बदलत होतीस का?"

मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"मी कसाले बदलू, दादा?" ती म्हणाली. "साइटच खराब व्हती ना."

मला सांगायचं होतं की चौकट वाचली मी. सांगायचं होतं की पुढच्या वर्षी भरू, मी स्वतः येतो, धुळ्याला तुझ्यासोबत येतो. तोंडाशी आलं होतं. पण ती पुढे बोलत राहिली, एक तारखेला जळगावला जायचंय, आबा सोडायला येणार, माय लाडू करतेय, वसतिगृहात आपली बादली न्यावी लागते. हसत बोलत होती. मला ओटीपी द्यायची त्याच आवाजात.

मी म्हटलं, "हो. साइटच खराब होती."